झुडपाभोवतीची काठी : एका इंग्रजी वाक्संप्रदायाचा अभ्यास

सहामाही परीक्षेच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘टु बीट अबाउट द बुश’ या वाक्संप्रदायाचा वाक्यात उपयोग करा, या प्रश्नाची काही उत्तरे मोठी मनोरंजक आढळली. एका विद्यार्थ्याने लिहिले होते की, साप शोधण्याकरिता त्याचे वडील झुडपाभोवती काठी मारतात. दुसऱ्याने कुंपणाची झुडपे झोडपली होती. शब्दशः पाहिले तर यांत चूक काढणे कठीण आहे. ‘बीट’ म्हणजे झोडपणे, ‘अबाउट’ म्हणजे भोवती आणि ‘बुश’ म्हणजे झुडूप, हे तिन्ही अर्थ त्यांना ठाऊक होते. तरीही गुण देता आले नाहीत. कारण वाक्संप्रदायात शब्दांचे मूळ अर्थ मागे पडतात आणि त्या सर्वांचा मिळून एक निराळाच अर्थ पुढे येतो. तो अर्थ कोणता, तो कोठून आला आणि नित्याच्या बोलण्यात तो कसा योजावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम उगम पाहू. जोयडा तालुक्यातील मुलांना तो समजावून सांगण्यास फार प्रयास पडू नयेत. आपल्या रानात पूर्वी पारध होत असे, तेव्हा काही माणसे हाका घालीत, ढोल बडवीत, झाळीवर काठ्या आपटीत आणि त्या गलबल्याने उठलेले जनावर पुढे दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याच्या टप्प्यात येई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पारधीला बंदी आली आणि आज आपल्या तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. म्हणून ही गोष्ट तुम्ही आजोबांच्या तोंडूनच ऐकली असेल. इंग्लंडातही पक्ष्यांची शिकार करताना काही माणसे झुडपे झोडपीत आणि उठलेले पक्षी दुसरे धरीत. जॉन हेवुड याने १५४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या म्हणींच्या संग्रहात, झुडूप झोडपावे एकाने आणि पक्षी धरावे दुसऱ्यांनी, अशा अर्थाची म्हण आलेली आहे. आपण ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

ध्यानात घ्या, झोडपणे ही शिकारीची केवळ पूर्वतयारी होय. जो नुसता झुडपाभोवती काठी आपटीत राहतो, त्याच्या हाती पक्षी लागत नाही. यावरून, मुख्य गोष्टीला हात न घालता तिच्या आसपास बोलत राहणे, असा अर्थ या शब्दांना प्राप्त झाला.

आता नित्याच्या व्यवहारातील काही वाक्ये पाहू.

‘स्टॉप बीटिंग अबाउट द बुश अँड टेल मी व्हाय यू आर लेट.’ म्हणजे, आढेवेढे पुरेत, उशीर का झाला ते सांग.

‘ही बीट अबाउट द बुश फॉर हाफ ॲन अवर बिफोर ही आस्क्ड फॉर अ लोन.’ म्हणजे, अर्धा तास इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने उसने पैसे मागितले.

‘द डॉक्टर डिड नॉट बीट अबाउट द बुश.’ म्हणजे, डॉक्टरांनी जे होते ते स्पष्ट सांगितले.

‘आय शॅल नॉट बीट अबाउट द बुश, युवर एसे इज टू लाँग.’ म्हणजे, मी सरळच सांगतो, तुझा निबंध फार लांबला आहे.

या वाक्यांवरून व्याकरणाच्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, ‘बीट’ या क्रियापदाचे भूतकाळी रूपही ‘बीट’ असेच राहते. ‘बीटेड’ असे रूप इंग्रजीत नाही. दोन, ‘अबाउट’ हा शब्द गाळू नये. तो गाळल्यास उरते ते खरोखरीचे झुडूप झोडपणे. अमेरिकेतील लोक त्याच्या जागी बहुधा ‘अराउंड’ म्हणतात. तेही शुद्धच समजावे. तीन, ‘द बुश’ हे एकवचनच राहते. झुडपाच्या जागी झाड किंवा कुंपण घातले, तर इंग्रजी वाचणाऱ्याला काहीच बोध होणार नाही. चार, हा वाक्संप्रदाय पुष्कळदा नकारार्थी वाक्यात किंवा ‘थांबव’ अशा आज्ञेत येतो, कारण ज्याविषयी तक्रार करावयाची असे हे वर्तन आहे.

मराठीत याला प्रतिशब्द कोणता, असे तुम्ही विचाराल. एक सांगून भागणार नाही. मूळ विषयापूर्वीची प्रस्तावनाच लांबली, तर आपण ‘नमनाला घडाभर तेल’ म्हणतो. मागावयाचे असून मागण्याची लाज वाटली, तर ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ म्हणतो. अडचणीचा प्रश्न मुद्दाम चुकविला, तर ‘बगल देणे’ म्हणतो. पहिल्यात पाल्हाळ आहे, दुसऱ्यात संकोच आहे, तिसऱ्यात लबाडी आहे. इंग्रजी वाक्संप्रदाय या तिन्ही प्रसंगी चालतो. बोलणाऱ्याच्या मनात यांपैकी काय आहे, ते तो सांगत नाही. कन्नडमधील ‘सुत्ति बळसि’ बोलणे, म्हणजे फिरवून फिरवून बोलणे, हे त्याला अधिक जवळचे आहे. उलट, ताक आणि भांडे यांचे शब्दशः इंग्रजी करून एखाद्या इंग्रजापुढे ठेवले, तर साप शोधणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यासारखीच त्याचीही अवस्था होईल.

म्हणून वाक्संप्रदायाचा अर्थ पाठ करणे पुरेसे नाही. तो कोणी, कोणाला आणि केव्हा म्हणावा, हेही शिकावे लागते. ‘डोन्ट बीट अबाउट द बुश’ हे शब्द मित्राने मित्राला म्हटले तर चालतात, परंतु वडीलधाऱ्यांना म्हटले तर उद्धटपणा होतो. आपल्याकडे कोणी घरी आला की त्याच्यापुढे पाणी आणि गुळाचा खडा ठेवतात, भाताची, पावसाची, गुराढोरांची विचारपूस होते आणि मग कामाची गोष्ट निघते. हे झुडूप झोडपणे नव्हे. ही बोलण्याची रीत आहे आणि तिला आपला अर्थ आहे. मात्र मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना पहिल्याच वाक्यात आपली मागणी मांडावी, कारण तेथे ती रीत निराळी आहे.

या संदर्भात माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात हाच वाक्संप्रदाय शिकवून मी बाहेर पडलो, तोच त्या वर्गातली एक मुलगी माझ्यामागून आली. तिने आधी एका पुस्तकाविषयी विचारले. मग संध्याकाळच्या बसची वेळ विचारली. मग यंदा पाऊस लांबेल का, असे विचारले. शेवटी, शाळेत न येता बाहेरून परीक्षेला बसता येते का, हा प्रश्न तिने केला. मला पुढच्या वर्गावर जाण्याची घाई होती. नुकताच शिकविलेला धडा जिभेवर होता. ‘डोन्ट बीट अबाउट द बुश,’ असे मी हसत म्हणालो. तीही हसली आणि ‘काही नाही, सर’ असे म्हणून निघून गेली.

पुढल्या आठवड्यात ती शाळेत दिसेना. चौकशी केल्यावर कळले की, बसमधून उतरल्यावर घरापर्यंतची वाट रानातली, पावसाळ्यात लवकर अंधारणारी आणि त्या सुमारास वाटेवर अस्वल दिसलेले. म्हणून घरच्यांनी तिची शाळा बंद करण्याचे ठरविले होते. पुस्तक, बस, पाऊस आणि परीक्षा हे तिचे चारही प्रश्न त्या एकाच गोष्टीविषयी होते. वडिलांशी कोणीतरी बोलावे, एवढेच तिला सांगावयाचे होते. ते सांगणे म्हणजे वडिलांविरुद्ध तक्रार करण्यासारखे तिला वाटले असावे.

आम्ही दोघे शिक्षक तिच्या घरी गेलो. तिचे वडील पाऊण तास लावणीविषयी आणि रानडुकरांनी केलेल्या नासाडीविषयी बोलत राहिले. या खेपेस मी मधे बोललो नाही. अखेर ते आपण होऊनच म्हणाले, “पोरीला काही झाले तर मी कोणाला विचारू?” त्यांची भीती खोटी नव्हती. तिला शाळेजवळ मावशीकडे ठेवण्याचा मार्ग निघाला. मात्र तेवढ्यात तिचे तीन आठवडे बुडाले होते आणि सहामाहीत तिला त्याचा फटका बसला.

रानात वाढलेल्या माणसाला हे नव्याने सांगावयास नको. झाळीत काय दडले आहे याची धास्ती असली, की माणूस थेट आत काठी घालीत नाही, बाजूबाजूनेच आपटतो. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, हा वाक्संप्रदाय आपल्या स्वतःच्या लिहिण्या-बोलण्याला नेहमी लावून पाहावा आणि दुसऱ्याच्या बोलण्याला लावण्यापूर्वी थोडे थांबावे. आणि तुम्हांला आमच्याकडे काही सांगावयाचे असेल आणि ते सरळ सांगता येत नसेल, तर आडवळणाने का होईना, पण सांगा. ऐकून घेण्याचा धडा आम्हीही शिकत आहोत.

स्वाध्याय :

१. आपल्या घरच्या किंवा गावच्या प्रसंगांवरून या वाक्संप्रदायाची तीन इंग्रजी वाक्ये तयार करा. त्यांपैकी एक भूतकाळी व एक नकारार्थी असावे.

२. तुमच्या प्रत्येक वाक्यातील माणूस पाल्हाळाने, संकोचाने की लबाडीने तसे बोलला, ते ठरवून त्याला योग्य असा मराठी वाक्संप्रदाय लिहा.

३. घरी कोकणी किंवा कन्नड बोलत असाल, तर याच अर्थाने घरातील वडील मंडळी काय म्हणतात ते विचारून टिपून आणा.