ऑपरेशन्स रिसर्च : पाटीचे गणित

‘ऑपरेशन्स रिसर्च’ हे नाव ऐकून शस्त्रक्रियेची आठवण व्हावी हे साहजिक आहे. आमच्या सारसोळ्यात तरी तसेच झाले. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे ‘पोरगा डॉक्टरकी शिकतो’ अशीही बातमी पसरली. असो.

या शास्त्राची वाढ झाली ती दुसऱ्या महायुद्धात. अटलांटिकमधून मालवाहू जहाजांचे तांडे ब्रिटनकडे येत आणि जर्मन पाणबुड्या त्यांतली जहाजे बुडवीत. पदार्थवैज्ञानिक पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने आकडे तपासले, तेव्हा तांडा मोठा असला तरी बुडणाऱ्या जहाजांची संख्या जवळजवळ तेवढीच राहते असे दिसले. तांडा दुप्पट झाला म्हणून त्याचा परीघ दुप्पट होत नाही, आणि राखण तर परिघाचीच करायची असते. १९४३ मध्ये तांडे मोठे करण्यात आले. नवे जहाज नाही, नवी तोफ नाही. आहे त्याच साधनांची मांडणी बदलली.

मर्यादित साधने वाटण्याच्या प्रश्नांसाठी जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली. १९८४ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले आपले नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये फार मोठ्या प्रश्नांसाठी वेगळी वाट शोधली. सिम्प्लेक्स कडेकडेने, कोपऱ्याकोपऱ्यावरून जाते. करमरकरांची पद्धत आतून जाते.

नावे मोठी आहेत, पण मूळ गोष्ट आईच्या पाटीत मावते. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. पाटीत २० किलो मासळी मावते. आईपाशी १८० मिनिटे आहेत. कोळंबी निवडून, सोलून विकायला किलोमागे १५ मिनिटे लागतात आणि १०० रुपये सुटतात. बोईटाला ५ मिनिटे, सुटतात ६० रुपये. काय न्यावे? कोणीही म्हणेल, कोळंबीच. पण वेळ १२ किलोतच संपतो. मिळतात १२०० रुपये. नुसती बोईटे नेली तर पाटी भरते, वेळ उरतो आणि रुपये पुन्हा १२००च. ८ किलो कोळंबी आणि १२ किलो बोईट नेली तर वेळ व पाटी दोन्ही पुरेपूर लागतात आणि मिळतात १५२० रुपये.

मला याहून मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. वहिनीने आणखी एक तास हात लावला तर १४ किलो कोळंबी, ६ किलो बोईट, म्हणजे १७६० रुपये. त्या तासाची किंमत २४० रुपये झाली. वहिनीचे काम घरी कोणी पैशात मोजत नाही, गणित मोजते.

हे सारे आईला वाचून दाखविले. ती म्हणाली, “आन् लग्नाच्या घरला दहा किलो कोलबी कबूल केलीय, तिचा काय?” ही तिसरी मर्यादा. ती घातली की १० किलो कोळंबी आणि ६ किलो बोईट एवढेच बसते, रुपये १३६०. दिलेल्या शब्दापायी १६० रुपये कमी. आई ते आनंदाने सोडते, कारण तिला पुढच्या वर्षीही त्याच दारात जायचे आहे. म्हणजे मर्यादा कोणत्या, हे काम करणाऱ्याला विचारल्याशिवाय कागद पुरा होत नाही.

हे केवळ पाटीपुरते नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. मुंबईची गर्दी कमी करणे हा हेतू होता आणि त्यासाठी ९५ गावांची जमीन ठरली. त्या गावांचे म्हणणे १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, साऱ्या महाराष्ट्राला ऐकू आले; गोळीबारात पाच शेतकरी गेले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. ही मर्यादा गणितात उशिरा शिरली. आणि ते साडेबारा टक्के मोजायचे ते जमिनीवर. खाडीतल्या मासेमारीचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो.