पऱ्हाटीचा कोळसा

(पीक काढल्यावर शेतात उरलेला कचरा बहुधा जाळला जातो. त्याचा चांगला उपयोग कसा करता येईल, हे या पाठात सांगितले आहे.)

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कापसाचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतात. कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाट्या उरतात. काही पऱ्हाट्या चुलीसाठी घरी नेतात. उरलेल्या तशाच राहिल्या, तर गुलाबी बोंडअळी पुढच्या पिकावर येण्याची भीती असते. म्हणून अनेक शेतकरी त्या पेटवून देतात. शेत मोकळे होते. पण गावावर धूर पसरतो.

झाड वाढताना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेते. त्यातील कार्बनपासून खोड, पाने आणि बोंडे तयार होतात. पऱ्हाटी जळाली की तोच कार्बन वायूच्या रूपाने हवेत परत जातो. दगडी कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने तर हा वायू सतत वाढत आहे. सन 1750 च्या सुमारास हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता. आज तो 420 भागांहून अधिक आहे. त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे.

पऱ्हाटी बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवली, तर तिची राख होत नाही, कोळसा होतो. तिच्यातील बराचसा कार्बन त्या कोळशात टिकून राहतो. उसाच्या पाचटापासून असा कोळसा महाराष्ट्रात तयार झाला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने त्यासाठी खास भट्टी बनवली. पाचट तापल्यावर निघणारा वायूच या भट्टीत इंधन म्हणून जळतो. कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडतात. या कामाला 2002 साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

या कांड्यांमुळे लाकूड वाचते. पण त्या जाळल्या की कार्बन पुन्हा हवेत जातोच. म्हणून शास्त्रज्ञांनी कोळशाचा दुसरा उपयोग शोधला. कोळसा खूप गरम वाफेत तापवला की त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. त्याला सक्रिय कोळसा म्हणतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात तो असतो. अशा एक ग्रॅम कोळशाच्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत भरतो, म्हणजे कबड्डीच्या सात मैदानांहून जास्त!

कारखान्याचा धूर या कोळशातून सोडला, तर कार्बन डायऑक्साइड छिद्रांच्या भिंतींना चिकटतो. नायट्रोजन मात्र बहुतेक निघून जातो. नंतर कोळसा तापवला की वायू सुटतो आणि कोळसा पुन्हा वापरता येतो. सुटलेला वायू जमिनीत खोल कोंडून ठेवावा लागतो; नाही तर सारी मेहनत वाया जाते. पिकांच्या कचऱ्याबाबत हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळांत चालते.

मुलांनो, ज्या पऱ्हाटीच्या धुराने डोळे चुरचुरतात, तीच पऱ्हाटी उद्या धूर अडवू शकेल. तिला कचरा म्हणण्यापूर्वी थोडा विचार करा.

शब्दार्थ
पऱ्हाटी – कापसाचे वाळलेले झाड
पाचट – उसाची वाळलेली पाने
खळ – पिठाची पातळ चिकी
सूक्ष्म – अतिशय बारीक

स्वाध्याय
1. शेतकरी पऱ्हाट्या का जाळतात?
2. राख आणि कोळसा यांत कोणता फरक आहे?
3. कारणे लिहा : सुटलेला वायू कोंडून ठेवावा लागतो.
4. वाक्यांत उपयोग करा : वाया जाणे, मोकळे होणे.
5. तुमच्या परिसरात पिकांच्या कचऱ्याचे काय करतात, ते पाच वाक्यांत लिहा.