पुस्तकांच्या जत्रेला आईबापांनी जावे काय?

मंडळी, जत्रा आपल्याला नवी नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिथला घोड्यांचा बाजार दूरदूर ठाऊक आहे. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. या जत्रांना आपण पोराबाळांसह जातो.

आता शाळाशाळांतून आणखी एक जत्रा भरते. ती पुस्तकांची. वर्गात सतरंज्या अंथरतात. बाकांवर पुस्तके मांडतात. मुले ती हाताळतात, चाळतात. कुणी विकत घेतो, कुणी तिथेच बसून वाचतो. गुरुजी घरोघर निरोप धाडतात, “आईबापांनीही यावे.”

निरोप आला की गावात बोलणे सुरू होते. असे बोलणे आम्ही शाळेत असताना पुष्कळदा ऐकले आहे.

एक भाऊ म्हणतो, “मला धड वाचता येत नाही. मी तिथं जाऊन काय करू?”

दुसरा म्हणतो, “पोरगं पुस्तकासाठी हट्ट धरेल. खिशात पैसा नाही. चारचौघांत मान खाली जाईल.”

एक ताई म्हणते, “दिवस मोडला की मजुरी बुडाली.”

आजोबा म्हणतात, “पुस्तकाचं गुरुजी बघतील. त्यात आपलं काय काम?”

या चौघांपैकी कुणीही खोटे बोलत नाही. म्हणून एकेकाचा नीट विचार करू.

१. वाचता येत नाही, मग काय करावे?

सारंगखेड्याला घोडा घेणारा माणूस काय करतो? घोड्याचे दात पाहतो. पाय पाहतो. चालवून पाहतो. मगच पैसे मोजतो. पुस्तकही तसेच पाहून घ्यावे. शिलाई पक्की आहे काय? पाने सुटत नाहीत ना? अक्षर मोठे आहे काय? चित्रे स्पष्ट आहेत काय? किंमत बहुधा मागच्या पानावर छापलेली असते. ती वाचावी. हे सारे थोडे वाचणाऱ्यालाही जमते.

मग मुलाला म्हणावे, “बाळ, यातलं एक पान मला वाचून दाखव.” मूल अडखळले की आपण एक बोट मिटावे. एका पानात पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक त्याला आज जड आहे. दुसरे घ्यावे. एकही बोट मिटले नाही, तर थोडे पुढचे घ्यावे.

आणखी एक गोष्ट. आपल्या जिल्ह्यात घरी कुणी भिलोरी बोलते, कुणी पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजर बोली. शाळेचे पुस्तक मात्र मराठीत. लहान मूल तिथे बुजते. त्याला धीर घरची माणसे देतात. आजी आपल्या बोलीत गोष्ट सांगते, तेव्हा ते मूल गोष्टीला सरावते. मग पुस्तकातली गोष्ट त्याला परकी वाटत नाही. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत नर्मदाकाठच्या गावांनी १९९० नंतर नर्मदा बचाव आंदोलनाबरोबर जीवनशाळा उभ्या केल्या. त्या शाळांसाठी तिथल्या बोलीतही पुस्तके तयार झाली. गावची गोष्ट कागदावर आली. म्हणून ज्याला अक्षर येत नाही, त्यानेही जत्रेला जावे आणि मुलांना एक गोष्ट सांगून यावे.

२. पैसा नाही, मग काय करावे?

पुस्तक पाहायला पैसा लागत नाही. ही गोष्ट मुलाला घरूनच समजावून न्यावी. “आज आपण बघू. आवडेल त्याचं नाव लिहून घेऊ.”

पण एवढ्याने भागत नाही. ज्याच्या बापाने पुस्तक घेतले ते मूल हसते. शेजारचे मूल नुसते बघत राहते. असे झाले तर जत्रेतून गोडी लागण्याऐवजी मनाला टोचणीच लागते. यावर उपाय गावाने करायचा आहे.

हा हिशेब पाहा. वर्गात ३० मुले आहेत. समजा, घरटी १० रुपये जमले. १० गुणिले ३० म्हणजे ३०० रुपये झाले. ५० रुपयांची ६ पुस्तके आली. ती शाळेच्या पेटीत ठेवली. आता प्रत्येक मुलाला ६ पुस्तके वाचायला मिळाली. एकट्याने ५० रुपये घातले असते, तर एकच मिळाले असते.

ज्याला १० रुपये जड आहेत, त्याच्याकडे मागू नये. कुणी दिले, कुणी दिले नाहीत, याची यादी वाचू नये. तो श्रम देईल. कुणी पुस्तकांना कव्हर घालील. कुणी फाटलेली पाने खळ लावून चिकटवील. कुणी पेटीत कडुनिंबाची वाळलेली पाने टाकील, म्हणजे कसर लागायची नाही.

३. दिवस मोडतो, मग काय करावे?

दिवस आपल्या सोयीचा मागावा. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे जातात. पौष-माघात जत्रा भरवली तर ती कुणासाठी? निम्मी घरे बंद असतात. ज्या मुलांना पुस्तकाची गरज जास्त, तीच तेव्हा उसाच्या फडावर असतात.

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळतात. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा तो जन्मदिवस. लहानपणी त्यांनी रामेश्वरला वर्तमानपत्रे वाटली आणि पुढे ते मोठे शास्त्रज्ञ झाले. हा दिवस दिवाळीच्या तोंडावर येतो. तेव्हा माणसे गावात असतात. त्या सुमारास, बाजाराच्या दिवशी नाहीतर संध्याकाळी, जत्रा भरवा असे गुरुजींना सांगावे.

आणि बाहेरगावी जाणाऱ्या मुलाच्या गाठोड्यात शाळेच्या पेटीतली दोन पुस्तके घालावीत. कोयता वापरला नाही तर गंजतो. अक्षराचेही तसेच आहे. चार-सहा महिने पुस्तक दिसले नाही, तर आलेले वाचनही जाते. परत आलेले मूल वर्गात मागे पडते, मग लाजते, मग शाळाच सोडते. दोन पुस्तके हे टाळायला मदत करतात. फडावर रात्री मुलाने वाचावे, आपण ऐकावे. आपणही नुकतेच वाचायला शिकलो आहोत. आपली अक्षरेही त्यामुळे टिकतील.

४. हे गुरुजींचे काम, की आपले?

दोघांचे. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्या कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांपैकी तीन सभासद पालक असतात. निम्म्या सभासद बायका असतात. म्हणजे जत्रा कधी भरवायची, कोणती पुस्तके मागवायची, पेटी कुणी सांभाळायची, हे बोलायचा आपल्याला हक्क आहे. समितीच्या बैठकीत बायांनी मागे बसून राहू नये. पुढे येऊन बोलावे.

गावाने मनावर घेतले की काय होते, ते सातारा जिल्ह्यात पाहावे. महाबळेश्वरजवळ भिलार हे स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव आहे. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. पुस्तके सरकारने दिली, पण जागा लोकांनी दिली. आपल्या राहत्या घरांत पुस्तकांची कपाटे ठेवून घेतली. येणारा-जाणारा तिथे बसून वाचतो. भिलारची माणसे काही सारी पंडित नव्हेत. शेतकरीच आहेत.

तर मग, जावे काय? जावे. पण नुसता खिसा घेऊन जाऊ नये. निवडणारा, सांभाळणारा आणि ऐकणारा म्हणून जावे. ज्या जत्रेत आईबाप नाहीत, तिथली पुस्तके कपाटात जातात आणि कुलूप लागते. जिथे आईबाप जातात, तिथली पुस्तके घरी येतात.

सांगा पाहू

१. पुस्तक घेताना कोणत्या चार गोष्टी पाहाव्यात?
२. २० घरांनी प्रत्येकी १५ रुपये दिले, तर ६० रुपयांची किती पुस्तके येतील?
३. आपल्या गावात पुस्तकांची जत्रा कोणत्या महिन्यात भरवावी? का?
४. आपल्या शाळेच्या समितीत कोण पालक आहेत? त्यांना जाऊन भेटा आणि हा पाठ वाचून दाखवा.