पऱ्हाट्यांचे जळण : गोळा करणे व वाहतूक

मोठी जंगले असलेल्या जिल्ह्यांत लाकूडतोडीनंतर उरणारे शेंडे, फांद्या व साल यांचा जळणासाठी उपयोग करण्याचा विचार चालतो. बीड जिल्ह्याची स्थिती निराळी आहे. बालाघाटाच्या रांगांवरील वन विरळ आहे आणि क्षेत्रही थोडे आहे. पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य तर राखावयाचेच आहे. आपले खरे रान म्हणजे कापसाचे शेत. गेवराई, माजलगाव यांसारख्या तालुक्यांत शेवटच्या वेचणीनंतर उभ्या राहणाऱ्या पऱ्हाट्या हेच आपले जळाऊ लाकूड होय.

एका हेक्टरातून वाळलेल्या पऱ्हाट्या साधारणतः 2 ते 3 टन निघतात, म्हणजे एकरी सुमारे 10 क्विंटल. किलोमागे त्यांतून सुमारे 4,000 किलोकॅलरी उष्णता मिळते. हलक्या प्रतीच्या दगडी कोळशाहून ती फारशी कमी नाही, आणि राख मात्र पुष्कळच कमी पडते. औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर अशा मालाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळण्याचे सुधारित धोरण केंद्र शासनाने 2021 साली जाहीर केले. परळीचे वीजकेंद्र ज्या जिल्ह्यात आहे, त्याला हा विषय परका वाटू नये.

तथापि पऱ्हाटी विकली जावो वा न जावो, ती वेळेवर शेताबाहेर निघालीच पाहिजे. गुलाबी बोंडअळी न उमललेल्या, किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. 2017 च्या हंगामात तिने केलेले नुकसान अनेकांना आठवत असेल. फरदड न घेता डिसेंबरअखेर पीक संपवावे. नंतर शेतात शेळ्यामेंढ्या सोडाव्यात, म्हणजे पाला व उरलेली बोंडे खाल्ली जातात. मात्र नुकतीच फवारणी झालेली असल्यास जनावरे सोडू नयेत. उपटलेल्या पऱ्हाट्यांची गंजी बांधावर पावसाळ्यापर्यंत ठेवणे म्हणजे अळीला घर बांधून देणे आहे. पुष्कळ गावांत आजही हेच चालते.

अडचण आहे ती मजुरांची. ज्या महिन्यांत पऱ्हाटी उपटावयाची, त्याच महिन्यांत आपली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस गेलेली असतात. म्हणून गावात राहिलेल्या शेतकऱ्यांनी शिवारवार दिवस ठरवून, चिमटे एकत्र करून काम उरकावे. जमिनीत थोडी ओल असताना चिमट्याने पऱ्हाटी मुळासकट सहज निघते. मुळांची माती तेथेच झटकावी. मातीमुळे राख वाढते व कांड्या करणाऱ्या यंत्राची झीज होते, म्हणून कारखानदार असा माल नाकारतात.

उपटलेला माल उन्हात चांगला वाळवावा. जळाऊ कांड्या करण्यास ओलावा 10 ते 12 टक्क्यांच्या आसपास लागतो. शिवाय ओला माल नेणे म्हणजे भाडे देऊन पाणी वाहणे.

वाहतुकीतच बहुतेकांचा हिशेब चुकतो. अखंड पऱ्हाट्यांनी ट्रॉली डोंगरासारखी दिसते, परंतु काट्यावर वजन थोडेच भरते. समजा, एका खेपेचे भाडे 1,000 रुपये आहे. 8 क्विंटल माल गेला तर क्विंटलमागे 125 रुपये पडतात. तोच माल बारीक करून 20 क्विंटल भरला तर 50 रुपये. म्हणून तुकडे करण्याचे यंत्र शिवारातच आणावे. कापणीत बऱ्याच अळ्याही मरतात. यंत्राचे भाडे या बचतीतून वजा करून पाहावे. खेप अगदी जवळची असेल तर ते परवडणार नाही, हेही सांगितले पाहिजे.

सर्वच पऱ्हाटी विकावी असे आमचे मत नाही. घरच्या चुलीपुरते सरपण प्रथम बाजूस काढावे, कारण ते संपले की सरपणासाठी पायपीट घरातील बायकांनाच करावी लागते. हलक्या, मुरमाड जमिनीच्या शेतकऱ्यांनी काही भाग बारीक करून कंपोस्टात घालावा. घरी ठेवावयाच्या मालातील बोंडे आधी वेचून जाळावीत, आणि गंजी घरापासून, गोठ्यापासून व विजेच्या तारांपासून दूर रचावी.

सौदा ट्रॉलीवर न करता वजनावर करावा. ओलाव्याची वजावट किती, भाडे कोणाकडे आणि पैसे किती दिवसांत, हे माल भरण्यापूर्वी लिहून घ्यावे व काट्याची पावती जपून ठेवावी.