थायरॉईड, वजन आणि आपण दोघी

अगं, रिपोर्टवर टीएसएच वाढलेला बघून तू पहिला प्रश्न विचारलास तो वजनाचा. मला नवल वाटलं नाही. आपल्याकडं लग्नकार्यात असो की येळवशीला शेतात, बायका आधी अंगावर नजर टाकतात, मग ख्यालीखुशाली विचारतात. सुटलीस गं, म्हणतात. पण वजन हा या दुखण्याचा दिसणारा भाग आहे आणि बहुतेक वेळा लहानसाच. मीही थायरॉईडची गोळी बरीच वर्षं घेतेय, म्हणून चार गोष्टी मोकळेपणानं सांगते.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची लहानशी ग्रंथी. तिच्यातून पाझरणारं संप्रेरक सगळ्या शरीराच्या कामाचा वेग ठरवतं. ते कमी पडलं की मेंदूच्या तळाची दुसरी ग्रंथी तिला ‘काम कर’ म्हणून जास्त जास्त निरोप धाडते. तो निरोप म्हणजे टीएसएच. म्हणून आकडा वाढलेला आणि थायरॉईडचं काम मात्र कमी, असा हा उलटा हिशेब असतो. मोठ्या माणसांत तो साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावा. प्रयोगशाळेप्रमाणं थोडा फरक पडतो, गरोदरपणात तर मापच वेगळं असतं.

आता वजन. निव्वळ थायरॉईडमुळं वाढतं ते बहुधा दोन ते साडेचार किलो, आणि त्यातही चरबीपेक्षा अंगात साचलेलं पाणी आणि मीठ जास्त. गोळी लागू पडली की तेवढं हळूहळू उतरतं. बाळंतपणानंतरचे बारा-पंधरा किलो मात्र सगळेच थायरॉईडच्या माथी मारू नकोस. त्यांच्यासाठी चहातली साखर, ताटातला भात आणि रोजचं चालणं बघावंच लागेल. आणि लवकर बारीक व्हावं म्हणून गोळी स्वतःच्या मनानं वाढवायची नाही, हे पदराला गाठ मारून ठेव. जास्तीच्या गोळीनं छातीत धडधडतं, हाडं ठिसूळ होतात.

मला काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टींची. सकाळी उठल्यावरसुद्धा अंग जड वाटणं, पोट साफ न होणं, केसांचे पुंजके हातात येणं, सगळ्यांना उकडत असताना तुला थंडी वाजणं, पाळीत जास्त जाणं, उगाच रडू येणं. दुखणं तसंच राहिलं तर नाडी मंदावते, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, हृदयाला त्रास होतो. आपल्या देवणीत गाईनं एक दिवस चारा सोडला की ढोरांच्या डॉक्टरला फोन जातो. बाई मात्र सहा महिने ‘अंगात त्राण नाही’ म्हणत राहते आणि घरचे तिला आळशी ठरवतात. तू आळशी नाहीस. तू आजारी होतीस.

आणि काही चुकीचं खाल्लंस म्हणून हे झालेलं नाही. बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटते. हाशिमोटो या जपानी डॉक्टरनं १९१२ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, त्यांचंच नाव या आजाराला पडलं. हे घराण्यात चालतं, म्हणजे मला असल्यावर तुला व्हायची शक्यता होतीच. मुंबई, गोवा, हैदराबादसह आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मोठ्या माणसांपैकी जवळपास ११ टक्क्यांची थायरॉईड मंदावलेली आढळली. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण कितीतरी जास्त होतं.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची. तुला उठल्या उठल्या चहा लागतो, तिथंच घोळ होतो. तोंड धुतलं की गोळी घे, मग सडा-झाडलोट, पाणी भरणं उरक. अर्ध्या-पाऊण तासानं चहा ठेव. आशाताई देतात ती लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी हिच्यासोबत घेऊ नकोस, चार तासांचं अंतर ठेव. नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी नीट लागत नाही. सोयाबीन आपल्याकडं घरोघर. ते सोडायचं कारण नाही, फक्त सोयाबीनच्या वड्या किंवा सोयाचं पीठ मिसळलेली पोळी गोळीच्या वेळेला जोडून नको. उपास असला तरी गोळी चुकवायची नाही. जावेची शंभरची आहे म्हणून तिच्या डबीतली उसनी घ्यायची नाही. गोळी सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासायचा, त्यावर डॉक्टर मात्रा ठरवतील. बरं वाटलं म्हणून आपणहून बंद करायची नाही. बहुतेकींना ती कायमची लागते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मीठ आयोडीनयुक्तच आण आणि झाकणाच्या बरणीत ठेव. उपासाच्या सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, म्हणून ते रोजच्या स्वयंपाकात नको. पण मीठ जास्त खाल्ल्यानं थायरॉईड सुधारते, असंही नाही.

दुसऱ्या लेकराचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांग. पोटातल्या बाळाचा मेंदू पहिल्या तीन महिन्यांत आईच्याच संप्रेरकावर वाढतो, म्हणून त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते. दिवस राहिल्याची शंका आली की त्याच आठवड्यात तपासणी कर. गोळी मात्र चालूच ठेव.

आणखी एक. आईला थकवा असतो, आवाज जाड झालाय, पायांवर सूज दिसते, आणि आपण सगळे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. या आठवड्यात तिला सरकारी दवाखान्यात घेऊन जा, टीएसएच तिथं होतो का विचार. नसला तर उदगीरला करून घेऊ. पैशांचं मी बघते, तू फक्त तिला तयार कर.