झड, घोडी आणि हलकी झूल

आमच्या शेवंतीला दोन झुली आहेत. एक मखमलीची, जरीची, आरशाटिकल्यांची. ती वरातीत सगळं गोरेगाव बघतं. दुसरी मळकट निळी, पुठ्ठ्यावर दोन ठिगळं लावलेली. ती फक्त बांधीतल्या बगळ्यांना दिसते. पहिली घ्यायला अर्धा तास लागला. दुसरी मनासारखी मिळेपर्यंत तीन पावसाळे गेले.

आषाढीला लग्नसराई आटोपली की तुळशीच्या लग्नापर्यंत घोडीला काम नाही आणि मला कमाई नाही. पाऊस मात्र नेमका त्याच चार महिन्यांत. आमचा भाग धानाचा, वर्षाला १२००-१३०० मिलिमीटर पडतो आणि एकदा झड लागली की चार-चार दिवस हटत नाही. घोडी आत बांधून ठेवावी तर मागचे पाय सुजतात, पोटशूळ उठायचीही भीती. म्हणून मोकळी सोडावी लागते. सोडली की भिजते. तर या झुलीपायी जे शिकलो ते असं.

१. झूल पावसासाठी घ्यायची, उबेसाठी नाही.

शेवंती नुकरी आहे, म्हणजे केसच नाही तर कातडीही गुलाबी. नुकऱ्याला वरातीत भाव जास्त, पण ती कातडी नाजूक. दुसऱ्या पावसाळ्यात मी मोठ्या हौसेनं नागपूरहून आत रुई भरलेली जाड झूल आणली. जाड म्हणजे चांगली, असा माझा समज. झड लागली, तीन दिवस झूल काढलीच नाही. चौथ्या दिवशी खरारा फिरवला तर पाठीवर केसांचे झुपके, रंगात बुडवून वाळलेल्या ब्रशासारखे ताठ. एक झुपका उचलला तर खपलीसकट हातात आला, खाली ओली लाल कातडी.

गुरांचे डॉक्टर आले, झुलीच्या आत हात घातला आणि म्हणाले, "भाऊ, पावसानं नाही, तुमच्या झुलीनं भिजवली घोडी." सतत ओल्या राहिलेल्या कातडीत जंतू वाढतात, ती ओल पावसाची की घामाची, जंतूंना सारखीच. घोडं मुळात अंगानं गरम. पोटात चारा आंबत असतो त्याचीही ऊब असते. त्यावर आपली श्रावणातली कोंदट हवा! त्यांनी औषधी पाण्यानं धुवायला सांगितलं. कोरड्या खपल्या ओढायच्या नाहीत आणि हिचा खरारा, हिची झूल दुसऱ्या घोड्याला लावायची नाही, असंही बजावलं.

म्हणून दुकानदार '२०० ग्रॅम भरणी, एकदम गरम माल' म्हणू लागला की पुढे चला. आपल्याला शून्य भरणीची हवी: वर पाणी अडवणारं कापड, आत पातळ गुळगुळीत अस्तर. बस.

२. ताडपत्री म्हणजे झूल नव्हे.

हा पहिल्या पावसाळ्याचा शहाणपणा. धानाच्या ढिगावरची काळी ताडपत्री घोडीवर टाकली, पोटाखालून सुतळीनं करकचून बांधली. रात्री वारा सुटला, एक टोक सुटून फडफडलं आणि घोडी जी उधळली ती शेजारच्या काकांच्या ताज्या रोवणीतून. सुतळी तुटेना, ताडपत्री पायांत गुंतली, घोडी आणखी बिथरली. सकाळी काकांनी शिव्या दिल्या नाहीत, नुसते बांधीकडे बघत उभे राहिले. ते जास्त लागलं. पुन्हा परे आणून दिले आणि रोवणाऱ्या बायांची दोन दिवसांची मजुरी मी भरली. त्या पैशात तेव्हाच बरी झूल आली असती.

३. आकडे वाचायला शिका, पण आकड्यांना भुलू नका.

कापडाची मजबुती डेनियरमध्ये सांगतात. ६०० डेनियरचं कापड हलकं, मोकळ्या बांधीत चालतं. काटेरी कुंपणाला घासणारं किंवा दुसऱ्या घोड्याबरोबर दंगा करणारं जनावर असेल तर १२०० घ्यावं, पण ते जड. पाणी अडवण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. ३००० लिहिलं असेल तर कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहिला तरी पाणी पार होत नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या झडीला पुरतो.

पण लेबलावर काहीही छापता येतं. मी दुकानात दोन गोष्टी करतो. झुलीचा शिवणीचा भाग खोलगट धरून त्यात तांब्याभर पाणी ओततो आणि खाली वर्तमानपत्र ठेवतो. कापड सहसा गळत नाही. गळते ती शिवण. पाठीच्या कण्यावरून मधोमध शिवण गेलेली झूल म्हणूनच मी घेत नाही. दुसरं, गरम चहाच्या ग्लासावर कापड ताणून त्यावर कोरडा काचेचा ग्लास पालथा घालतो. थोड्या वेळानं वरच्या ग्लासात धुकं आलं तर वाफ बाहेर पडते, म्हणजे घामही निघेल. काहीच आलं नाही तर ते मेणकापड, नाव काही का असेना. दुकानदार हसतात. हसू द्या, चहा त्यांचाच असतो.

४. माप छातीच्या मधोमधपासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत, टेप अंगाला चिकटवून.

वीत मोजून नाही. मोठी झूल मागे सरकते आणि आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर रुतून केस घासून काढते. नेमकी तिथेच वरातीत नवरदेवाची नजर असते! शेवंती छातीत अरुंद, त्यामुळे तयार झूल पुढून ढिली पडायची. गावातल्या शिंप्याकडून पुढच्या पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडून घेतली. काम झालं.

५. पट्टे पोटाखाली फुलीसारखे, अंगापासून चार बोटं सैल. गाठ कधीच नाही, हुक किंवा बकल हवं. मागच्या पायांतले पट्टे घोडीच्या मुतानं भिजतात, ते आठवड्याला साध्या पाण्यानं धुवा. झूल मात्र कपड्यांच्या साबणानं धुऊ नका. वरचा पाणी अडवणारा थर जातो. वाळला चिखल ब्रशानं झाडा.

६. स्वस्त म्हणजे किती? माझं गणित: एका वरातीच्या बिदागीपेक्षा महाग झूल घ्यायची नाही. कानपूरला खोगीर-लगामाचा धंदा इंग्रजांच्या काळापासून आहे. तिकडून परदेशी जाणाऱ्या मालातला किरकोळ दोषाचा माल कधी कधी हाती लागतो. माझी निळी झूल तशीच, रंगात थोडा डाग. बगळ्यांची तक्रार नाही.

७. घालण्यापेक्षा काढण्याकडे लक्ष ठेवा.

सकाळ-संध्याकाळ खांद्यामागे झुलीखाली हात घालायचा. कोरडं आणि कोमट लागलं तर ठीक. चिकट किंवा गरम लागलं की पाऊस असो नसो, झूल उतरवायची. ऊन पडलं की लगेच काढायची आणि तणसाच्या ढिगावर उलटी टाकून वाळवायची. ओल्या अंगावर झूल घालायचीच नाही, आधी पोत्यानं पुसायचं.

परवा चार दिवसांनी उघडलं. झूल काढली, पाठीवर हात फिरवला. कातडी गुलाबी, स्वच्छ, एक खपली नाही. बायकोला हाक मारून दाखवायला वळलो तेवढ्यात शेवंती बांधीच्या कडेला गेली, गुडघे टेकले आणि चारी पाय वर करून चिखलात मनसोक्त लोळली.

"अहो, झूल कशाला घेतली होती?" दारातून प्रश्न आला.