संगणकाची पेटी आतून कशी असते?

उन्हाळ्यात आपल्या शाळेचा संगणक दुपारी आपोआप बंद पडायचा. दोनदा आमचे लिहिलेले सगळे गेले. शेवटी गुरुजींनी प्लग काढून पेटीची बाजूची पत्री उघडली. मी जवळून पाहिले, ते लिहितो.

या पेटीला आपण 'सीपीयू' म्हणतो, पण ते चूक आहे. सीपीयू म्हणजे आतली लहानशी चिप. पेटीचे नाव कॅबिनेट.

कॅबिनेटमध्ये हवेला रस्ता पाहिजे. घरी कूलर लावला अन् समोरची खिडकी बंद ठेवली तर नुसता दमटपणा होतो, तसेच हे. हवा समोरच्या जाळीतून आत यावी, चिपवरून जावी अन् मागच्या पंख्याने बाहेर पडावी. आपल्या पेटीत तारांचा गुंता नेमका या रस्त्यात होता. जाळी धुळीने बुजलेली. पाठ भिंतीला टेकलेली! बाबा म्हणाले, "हे तं कूलरच्या जुन्या ताटीवानी झालं."

पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. मे २०१३ मध्ये नागपूरला ४७.९ अंश तापमान होते. अशा दिवशी पेटीत त्याहून थंड कसे राहणार? चिप फार तापली की जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो.

गुरुजींनी ब्रशने धूळ काढली, तारा बाजूला बांधल्या अन् पेटी वीतभर पुढे घेतली. आता दुपारीही चालतो. नवी पेटी घेताना रंगीत दिवे पाहू नका. जाळी काढून धुता येते का, १२० मिलिमीटरचा पंखा बसतो का, तारांना मागून जागा आहे का, ते पाहा. आपली जाळी दर शनिवारी मी झटकतो.